खाऱ्या वाऱ्यातील जुन्या मोटारी : सिंधुदुर्गातील वाहनखरेदीच्या पूर्वतयारीचा इतिहास

१ मे १९८१ रोजी रत्नागिरी जिल्ह्याचा दक्षिण भाग वेगळा करून सिंधुदुर्ग जिल्हा निर्माण करण्यात आला आणि पुढे ‘एमएच ०७’ ही मोटारींच्या क्रमांकपट्टीवरील त्याची ओळख ठरली. तरीही कुडाळ, मालवण, देवगड किंवा सावंतवाडी यांपैकी कोणत्याही बाजारपेठेत उभ्या असलेल्या गाड्या पाहिल्या, तर मुंबई, ठाणे, कोल्हापूर, बेळगाव आणि गोवा येथील क्रमांक सतत दृष्टीस पडतात. त्यांतील काही गाड्या पाहुण्यांच्या असल्या, तरी अनेक गाड्या याच जिल्ह्यातील रहिवाशांनी इतरांकडून विकत घेतलेल्या असतात. मोटार तयार करणारा कारखाना या किनाऱ्यावर कधीच नव्हता आणि नवी मोटार परवडणारी कुटुंबेही दीर्घकाळ थोडीच होती, त्यामुळे येथील सामान्य घराच्या अंगणात येणारी पहिली मोटार बहुधा आधी दुसऱ्या कोणाच्या तरी अंगणात उभी राहिलेली असे. ती मुंबईहून आलेली, गोव्यातून आलेली की घाटावरून आलेली, यावर तिच्यात काय बिघाड संभवतो आणि तिची कोणती कागदपत्रे अपुरी असण्याची शक्यता आहे, हे पुष्कळ अंशी ठरत असे. विसार देण्यापूर्वी, म्हणजे सौदा पक्का करण्यासाठी दिली जाणारी आगाऊ रक्कम हाती ठेवण्यापूर्वी, खरेदीदाराने करावयाच्या चौकशीला या किनाऱ्यावर स्वतःचा असा इतिहास आहे, आणि तो मोटारीच्या आधी सुरू होतो.

मोटार येण्यापूर्वी या भागात वापरलेली म्हणून विकत घेतली जाणारी मोठी मालमत्ता दोन प्रकारची होती : शेतीसाठी आणि गाडीसाठी लागणारे बैल, आणि मासेमारीसाठी किंवा मालवाहतुकीसाठी लागणाऱ्या होड्या, मचवे व गलबते. बैलाची पारख दातांवरून वय ठरवून, खुरांची झीज व खांद्यावरील घट्टे पाहून, आणि प्रत्यक्ष जुंपून चालवून केली जात असे. होडीची पारख याहून अवघड होती, कारण तिचा महत्त्वाचा भाग पाण्याखाली राहतो. म्हणून ती किनाऱ्यावर ओढून, तळाच्या फळ्या ठोकून, लाकूड पोखरणाऱ्या सागरी किड्याची भोके आहेत का हे पाहून आणि फळ्यांमधील सांधे नव्याने बुजवले असल्यास ते कशासाठी बुजवले याची चौकशी करून मगच किंमत बोलली जाई. रंगवलेल्या होडीपेक्षा न रंगवलेली होडी पारखणे सोपे, हे जाणकार खलाशाला सांगावे लागत नसे.

या पारखीला कागदाची जोड याच किनारपट्टीवर फार लवकर मिळाली. १८३८ च्या १९ व्या क्रमांकाच्या कायद्याने मुंबई इलाख्यातील किनारी वाहतुकीच्या देशी जहाजांची नोंदणी बंधनकारक केली. जहाजाला क्रमांक देणे, तो क्रमांक आणि मूळ बंदराचे नाव जहाजाच्या अंगावर रंगवणे आणि मालकाच्या नावाचा दाखला बाळगणे या गोष्टी त्यामुळे सागरी व्यवहारात आल्या. मोटारीच्या शोधाला अजून अर्धशतकाचा अवकाश असताना मालवण व वेंगुर्ल्याच्या बंदरांतील गलबतांच्या मालकांना वाहनावरील क्रमांक, नोंदणी आणि मालकीचा दाखला या तिन्ही कल्पनांशी संबंध आला होता, ही गोष्ट मोटारीचा इतिहास लिहिताना सहसा ध्यानात घेतली जात नाही. वस्तूचे अंग तपासणे आणि तिचा कागद तपासणे ही दुहेरी तयारी किनाऱ्यावरच्या लोकांना मोटारीने शिकवलेली नाही.

मुंबईत मोटारी १८९८ च्या सुमारास अवतरल्या. दक्षिण कोकणात त्या पोहोचण्यास बराच अवधी लागला, आणि त्याचे मुख्य कारण भूगोलात होते. मुंबईहून किनाऱ्याच्या कडेने खाली येणारा मार्ग खाड्यांनी तुटलेला होता. अनेक खाड्यांवर पूल नसल्याने माणसे व माल आगबोटीने येत, आणि मोटार चालवत आणायची तर पुणे-कोल्हापूर मार्गाने येऊन फोंडाघाट किंवा गगनबावड्याचा घाट उतरावा लागे, अथवा बेळगावहून आंबोली घाट उतरून सावंतवाडीत यावे लागे. वेंगुर्ले बंदर आणि बेळगाव यांना जोडणारा आंबोलीचा रस्ता एकोणिसाव्या शतकातच वाहतुकीस तयार झालेला असल्यामुळे सावंतवाडी हे ठिकाण मोटारीच्या दृष्टीने मालवणपेक्षा अधिक सोयीचे होते. त्यातच आजचा हा एक जिल्हा त्या काळी दोन राजवटींत विभागलेला होता : मालवण, देवगड, वेंगुर्ले हे प्रदेश ब्रिटिशांच्या रत्नागिरी जिल्ह्यात मोडत, तर सावंतवाडी हे संस्थान होते आणि ते १९४८ मध्ये मुंबई राज्यात विलीन झाले. ब्रिटिश हिंदुस्थानासाठी १९१४ मध्ये झालेला मोटार वाहन कायदा संस्थानी हद्दीत आपोआप लागू होत नसे, म्हणजे वाहन कोठे नोंदले आहे हा प्रश्न येथे गोव्याच्या सीमेपूर्वीच उभा राहिलेला होता.

त्या काळातील मोटार ही प्रामुख्याने कुटुंबाचे वाहन नसून धंद्याचे साधन होती. खाजगी मालकांच्या प्रवासी गाड्यांना ‘सर्व्हिस मोटार’ म्हणत. दुसऱ्या महायुद्धात पेट्रोलची टंचाई झाल्यावर देशात इतरत्र जसे घडले, तसेच कोळशाच्या वायूवर गाड्या चालवण्याचे प्रयोग झाले. युद्ध संपल्यावर लष्कराकडील अतिरिक्त जीपगाड्या व ट्रक सरकारने विक्रीस काढले आणि ‘डिस्पोजलचा माल’ हा शब्द मराठी व्यवहारात रूढ झाला. वापरलेल्या वाहनांचा मोठा आणि संघटित पुरवठा देशाला बहुधा पहिल्यांदाच या विक्रीतून झाला, आणि त्याबरोबर एक नवी अडचणही आली : या वाहनांना पूर्वीचा नागरी मालक नव्हता, त्यांच्या वापराची हकिकत सांगणारे कोणी नव्हते, त्यामुळे मेकॅनिकचे मत हाच एकमेव आधार उरला. १९३९ च्या मोटार वाहन कायद्यातील अपघातग्रस्त त्रयस्थ व्यक्तींसाठी विमा सक्तीचा करणारी तरतूद १ जुलै १९४६ पासून अमलात आली, आणि तेव्हापासून वाहन घेताना नोंदणीपुस्तकाबरोबर विम्याचा कागद पाहणेही तयारीचा भाग झाले. १ जून १९४८ रोजी पुणे-अहमदनगर मार्गावर राज्य परिवहनाची पहिली गाडी धावली, पुढे प्रवासी वाहतुकीचे राष्ट्रीयीकरण होत गेले आणि सर्व्हिस मोटारींचे युग मावळले.

स्वातंत्र्यानंतरची तीन दशके मोटारींच्या दुष्काळाची होती. सुटे भाग आणून येथे जोडणी करणाऱ्या परदेशी कंपन्या १९५० च्या दशकाच्या मध्यापर्यंत देशातून बाहेर पडल्या, आणि नवी मोटार घेणाऱ्यापुढे हिंदुस्थान मोटर्सची अँबेसेडर, वालचंद हिराचंद यांनी स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सची फियाट आणि मद्रासच्या कारखान्यातील स्टँडर्ड हेराल्ड एवढेच पर्याय राहिले. खडबडीत रस्त्यांसाठी महिंद्रांची जीप होती. किंमत सरकारी नियंत्रणाखाली, उत्पादन अपुरे आणि प्रतीक्षायादी वर्षानुवर्षांची, अशा स्थितीत १९५९ मध्ये मोटारींच्या वाटप व विक्रीवर नियंत्रण आणणारा आदेश निघाला. याचा जुन्या गाडीच्या बाजारावर झालेला परिणाम आजच्या वाचकाला चमत्कारिक वाटेल : थोडी वापरलेली फियाट कित्येकदा नव्या फियाटच्या अधिकृत किमतीपेक्षा जास्त पैशांना विकली जाई, कारण जुन्या गाडीत प्रतीक्षेची वर्षे वाचत असत. अशा बाजारात विकणाऱ्याचा वरचष्मा असतो आणि खरेदीदार दोष दिसत असूनही सौदा करतो. म्हणून त्या काळातील पूर्वतयारी म्हणजे गाडी नाकारण्याची तयारी नव्हती. घेतलेली गाडी पुढे कशी चालती ठेवायची, सुटे भाग कोठून आणायचे आणि कोणत्या मिस्त्रीच्या हाती द्यायची, याची ती तयारी होती.

येथे मुंबईचा संबंध निर्णायक ठरला. गिरणगावात, गोदीत आणि कचेऱ्यांत नोकरीस असलेले चाकरमानी, म्हणजे मुंबईत कमावून गावचे घर चालवणारे कोकणी लोक, पैसा जसा गावी पाठवत तशी माहितीही पाठवत. मालकाने किंवा साहेबाने विकायला काढलेली गाडी त्यांना आधी कळे. तिचा चालक ओळखीचा असे. ती किती चालली, कधी ठोकली, कोणाकडे दुरुस्त झाली हे विचारता येई. कुर्ल्याच्या बाजारातून जुना कार्ब्युरेटर किंवा गिअरबॉक्स आणून देणारा नातेवाईकही मुंबईतच असे. जाहिरातीपेक्षा आणि दलालापेक्षा या ओळखीच्या साखळीला अधिक किंमत होती, आणि ती योग्यच होती, कारण यंत्राच्या प्रकृतीविषयी सर्वांत विश्वसनीय साक्षीदार त्याचा रोजचा चालक असतो. तरी या साखळीत एक उणीव राहिली व ती पुढे महाग पडली : ओळखीच्या माणसाकडून गाडी घेतली, की मालकी हस्तांतराचे कागद पूर्ण करण्याची निकड कोणालाच वाटत नसे.

दुसरी वाट गोव्याची. पोर्तुगीज अमलाखालील गोव्यात परदेशी मोटारी आयात होत असत, आणि पोर्तुगालने १९२८ मध्ये रस्त्याच्या उजव्या बाजूने वाहतूक सुरू केली तरी ब्रिटिश हिंदुस्थानाशी लागून असलेल्या गोव्यात डाव्या बाजूची पद्धत कायम ठेवण्यात आली होती. १९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाला, बांदा, सातार्डा, आरोंदा, दोडामार्ग या वाटा खुल्या झाल्या, आणि सीमेच्या दोन्ही बाजूंच्या सोयरिकी, शेती व नोकऱ्या पुन्हा एकमेकांत मिसळल्या. ३० मे १९८७ रोजी गोवा घटक राज्य झाले. सिंधुदुर्गातील हजारो माणसे आज रोजगारासाठी गोव्यात जातात, आणि ‘गोवा पासिंग’ गाडी हा त्यांच्या परिचयाचा, किमतीने मोह पाडणारा पर्याय आहे.

या मोहाची कायदेशीर बाजू समजून घेणे हाच अशा खरेदीच्या तयारीतील मुख्य भाग होय. १९८८ चा मोटार वाहन कायदा १ जुलै १९८९ पासून लागू झाला. त्याच्या ४७ व्या कलमाप्रमाणे एका राज्यात नोंदलेले वाहन दुसऱ्या राज्यात १२ महिन्यांपेक्षा अधिक काळ ठेवायचे असल्यास तेथे नवा नोंदणी क्रमांक घ्यावा लागतो, आणि त्यासाठी ४८ व्या कलमानुसार मूळ कार्यालयाचे ‘ना हरकत प्रमाणपत्र’ मिळवावे लागते. शिवाय महाराष्ट्राचा वाहनकर भरावा लागतो. म्हणजे गोव्यातील म्हापशात किंवा पेडण्यात स्वस्त वाटलेल्या गाडीची खरी किंमत सिंधुदुर्गातील ओरोस येथील परिवहन कार्यालयात सर्व भरणा झाल्यावरच कळते, आणि हा हिशेब घासाघीस करण्यापूर्वी मांडलेला असला पाहिजे. पर्यटनामुळे गोव्यात आणखी एक वर्ग तयार झाला : १९८९ च्या योजनेखाली भाड्याने दिल्या जाणाऱ्या, स्वतः चालवण्याच्या गाड्या, ज्यांच्या काळ्या पट्टीवर पिवळी अक्षरे असतात. काही वर्षांच्या वापरानंतर अशा गाड्या खाजगी नोंदणीत वर्ग करून विकल्या जातात. पट्टी पांढरी होते, पण शेकडो अनोळखी हातांनी वापरलेला क्लच आणि किनाऱ्यावरच्या वाळूतून फिरलेली चाके तीच राहतात. नोंदणी प्रमाणपत्रावरील वाहनाचा पूर्वीचा वर्ग विचारल्याशिवाय गोव्याची गाडी घेऊ नये, असे येथील जाणते मेकॅनिक सांगतात, आणि त्यात तथ्य आहे.

१४ डिसेंबर १९८३ रोजी मारुती ८०० ची पहिली किल्ली इंदिरा गांधींच्या हस्ते एका ग्राहकाला देण्यात आली, आणि त्यानंतरच्या दोन दशकांत मोटारींचा दुष्काळ संपला. नव्या गाड्या मिळू लागल्या की जुन्या सुटतात. शहरातील कुटुंबे काही वर्षांनी गाडी बदलू लागली आणि त्यांच्या गाड्या तालुक्याच्या गावांकडे वाहू लागल्या. २६ जानेवारी १९९८ रोजी कोकण रेल्वेचा संपूर्ण मार्ग वाहतुकीस खुला झाल्यावर मुंबईला जाऊन गाडी पाहणे आणि महामार्गाने ती चालवत आणणे हे एका सुटीत बसणारे काम झाले. आता विकणाऱ्याची सक्ती उरली नाही, खरेदीदाराला निवड करता येऊ लागली, आणि त्यामुळेच पारख करण्याच्या कौशल्याला नव्याने महत्त्व आले. एका कारणाने ते येथे घाटमाथ्यावरील कोणत्याही जिल्ह्यापेक्षा अधिक आहे, आणि ते कारण म्हणजे गंज.

लोखंडाला गंजण्यासाठी पाणी व हवा पुरते. मीठ ही क्रिया वेगाने घडवते, कारण क्षार विरघळलेले पाणी विजेचे उत्तम वाहक असते आणि पृष्ठभागावर बसलेला क्षार हवेतील ओलावा शोषून पत्रा सतत दमट ठेवतो. देवगडपासून रेडीपर्यंतच्या पट्ट्यात समुद्रावरून येणारे खारे वारे, चार महिन्यांत पडणारा सुमारे ३,००० मिलिमीटर किंवा त्याहून अधिक पाऊस, आणि जांभ्या दगडाची तांबडी माती या तिन्ही गोष्टी एकत्र येतात. ही चिकट माती चाकांच्या कमानीत आणि तळाच्या पन्हाळींत जाऊन बसते आणि पावसाळा संपल्यानंतरही आत ओल धरून ठेवते. जीप किंवा ट्रकसारख्या वाहनात सांगाड्याचा मजबूत पाया, म्हणजे चासी, वेगळी असते आणि वरचा पत्रा सडला तरी तो बदलता येतो. फियाट किंवा मारुती ८०० यांसारख्या गाड्यांत मात्र पत्र्याचा संपूर्ण डबाच भार पेलतो, त्यामुळे तळाचा पत्रा सडणे म्हणजे गाडीचा कणाच मोडणे होय. इंजिन पुन्हा बांधता येते, गिअरबॉक्स बदलता येतो, पण सडलेला डबा परवडेल अशा खर्चात पूर्ववत करता येत नाही. किनाऱ्यावरील गाडीची तपासणी म्हणूनच बोनेटपासून नव्हे, तर तळापासून सुरू व्हावी लागते.

त्या तपासणीची रीत येथे अनुभवातून घडली आहे. पायाखालचे रबर व गालिचा उचलून खालचा पत्रा हाताने दाबून पाहावा. दरवाज्यांच्या खालच्या कडा, त्यांतील पाणी वाहून जाण्याची भोके, जॅक लावण्याची जागा, बॅटरीखालची बैठक आणि चाकांच्या कमानींचा आतला भाग बोटाने चाचपावा. ब्रेकच्या धातूच्या नळ्या गंजल्या आहेत का हे गाडी उचलून पाहावे. डेंटिंग-पेंटिंगच्या कामात खड्डे व भोके लांबीने, म्हणजे रंगाखाली भरल्या जाणाऱ्या लगद्याने, बुजवतात. लांबीवर लोहचुंबक चिकटत नाही, म्हणून कापडात गुंडाळलेला लहानसा लोहचुंबक पत्र्यावर फिरवला तर कोठे पत्रा आहे आणि कोठे नुसती लांबी आहे ते उघड होते. किनाऱ्याजवळच्या गाडीला विक्रीपूर्वी नुकताच सर्वांगी रंग दिला असेल, किंवा तळाला ताजा काळा लेप फासला असेल, तर कारण विचारावे. न रंगवलेल्या होडीविषयीचे जुने शहाणपण येथे जसेच्या तसे लागू पडते. मासळी वाहणाऱ्या टेम्पो व व्हॅनच्या बाबतीत तर शंकेला जागाच नसते, कारण बर्फाचे खारे पाणी मागच्या पत्र्यातून रोज झिरपत राहिलेले असते आणि अशी व्हॅन आसने बसवून प्रवासी गाडी म्हणून विकली जाण्याचा संभव असतो.

याच्या जोडीला सिंधुदुर्गात एक असा प्रकार आढळतो, जो शहरातील मार्गदर्शनपर लेखनात क्वचितच येतो. चाकरमान्याने गावच्या घरी ठेवलेली गाडी चतुर्थीला, शिमग्याला आणि मे महिन्यात फिरते, उरलेला काळ ती माडांच्या झापांच्या किंवा पत्र्याच्या शेडमध्ये उभी असते. तिचा किलोमीटरचा आकडा फार कमी असतो, आणि विक्रेता तो अभिमानाने दाखवतो. परंतु उभ्या गाडीत बॅटरी संपते, टायर एकाच जागी दबून कडक होतात, रबरी सील सुकतात, ब्रेक धरून बसतात, टाकीतले पेट्रोल शिळे होते आणि उंदीर वायरिंग कुरतडतात. टायरच्या बाजूवर कोरलेला चार आकडी संकेत त्याच्या निर्मितीचा आठवडा व वर्ष सांगतो; नक्षी नवी दिसत असूनही तो संकेत आठ-दहा वर्षांपूर्वीचा असेल, तर ती चाके लगेच बदलण्याचा खर्च किमतीतून वजा केला पाहिजे. किलोमीटरचा आकडा पूर्वी यंत्र उघडून मागे फिरवत आणि आताचा अंकीय आकडाही बदलता येतो, म्हणून त्याला सर्व्हिसिंगच्या नोंदींचा, पेडलच्या रबराच्या झिजेचा आणि आसनाच्या अवस्थेचा दुजोरा मिळाल्याशिवाय किंमत देऊ नये.

२६ जुलै २००५ रोजी मुंबईत सांताक्रूझ येथे एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला आणि असंख्य गाड्या पाण्याखाली गेल्या. ऑगस्ट २०१९ मध्ये कोल्हापूर व सांगली आणि जुलै २०२१ मध्ये चिपळूण येथे पुन्हा तेच झाले. सिंधुदुर्गात गाड्या येतात त्या मुंबईच्या आणि घाटावरच्या वाटांवर ही ठिकाणे असल्याने, पुरात बुडालेली गाडी ओळखणे हे येथील खरेदीदाराला आवश्यक झाले. सीटबेल्ट पूर्ण ओढून त्याच्या शेवटच्या हातभर पट्ट्यावर मातीची रेघ आहे का हे पाहणे, आसनाखालील रुळांवर गाळ शोधणे, दिव्यांच्या काचांत आतून ओल आहे का ते तपासणे आणि बंद काचांच्या गाडीतील कुबट वासाकडे लक्ष देणे, या त्यातील ठरलेल्या खुणा होत. पूरवर्षानंतर ताबडतोब विक्रीला आलेल्या गाडीच्या विम्याच्या दाव्यांची माहिती विमा कंपनीकडून मागणे सर्वांत उत्तम.

कागदाची बाजू वरवर कंटाळवाणी वाटते, पण सर्वाधिक हानी तीच करते. त्याचे मूळ दोन कायद्यांतील अंतरात आहे. १९३० च्या मालविक्री कायद्यानुसार उभयतांच्या इच्छेने सौदा पुरा झाला की मोटारीची मालकी बदलते. त्याच कायद्याच्या १६ व्या कलमामागे ग्राहकाने स्वतः सावध राहावे हे तत्त्व आहे. मोटार वाहन कायद्यात मात्र ज्याच्या नावावर वाहन नोंदले आहे तो मालक. ‘नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार’ या प्रकरणी सर्वोच्च न्यायालयाने ६ फेब्रुवारी २०१८ रोजी स्पष्ट केले की वाहन एकामागून एक अनेकांना विकले गेले असले, तरी नोंदणी ज्याच्या नावावर राहिली आहे तोच अपघाताच्या भरपाईस जबाबदार ठरतो. ५० व्या कलमाप्रमाणे राज्यांतर्गत विक्रीत विकणाऱ्याने १४ दिवसांत आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत नोंदणी अधिकाऱ्याला कळवायचे असते. त्यासाठीचे नमुने २९ व ३० यांना बोलीभाषेत ‘टीटीओ’ म्हणतात. कोऱ्या टीटीओवर विक्रेत्याची सही घेऊन, खरेदीदाराचे नाव रिकामे ठेवून, गाडी हातोहात फिरवण्याची प्रथा दलालांनी रूढ केली, कारण त्यामुळे मधल्या मालकाचा खर्च वाचे. ही प्रथा सोयीची नसून घातक आहे, हे निःसंदिग्धपणे म्हटले पाहिजे. डिसेंबर २०२२ मध्ये अधिसूचित झालेल्या आणि १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या नियमांनी जुन्या वाहनांच्या विक्रेत्यांना अधिकारपत्र घेणे आणि गाडी त्यांच्या ताब्यात आल्याची सूचना देणे आवश्यक केले, ते या अनागोंदीवरचा उपाय म्हणूनच.

सिंधुदुर्गातील कुटुंबरचनेमुळे आणखी एक अडचण वारंवार येते. गाडी मुंबईतील वडील किंवा काका यांच्या नावावर असते, ते निवर्तलेले असतात आणि गावातील भाऊबंद ती विकू पाहतात. अशा वेळी वारसाने मृत्यूनंतर ३० दिवसांत नोंदणी अधिकाऱ्याला कळवून तीन महिन्यांत नमुना ३१ द्वारे वाहन आपल्या नावावर करून घ्यायचे असते. ते झाल्याशिवाय विक्रीपत्रावर कोणी सही केली तरी ती पुढे वादाचे कारण होते. गाडीवर बँकेचा किंवा पतसंस्थेचा बोजा असेल, तर कर्ज फिटल्याचे पत्र आणि नमुना ३५ देऊन तो उतरवलेला असला पाहिजे. कर्ज फिटले पण बोजा तसाच, ही स्थिती जुन्या गाड्यांत सर्रास आढळते. चासी व इंजिनावरील क्रमांक नोंदणी प्रमाणपत्राशी अंकागणिक ताडून पाहावेत, आणि गंजामुळे चासीचा क्रमांक वाचता येत नसेल तर तेथेच थांबावे. विम्याबाबत १५७ वे कलम त्रयस्थाचे संरक्षण नव्या मालकाकडे आपोआप वर्ग करते, परंतु गाडीच्या स्वतःच्या नुकसानीचे संरक्षण मिळवायचे तर विमापत्र वेळेत आपल्या नावावर करून घ्यावे लागते. नोंदणीची मुदत १५ वर्षांची असल्याने चौदाव्या वर्षातील गाडी स्वस्त मिळते, मात्र १ एप्रिल २०२२ पासून मोटारीच्या नोंदणी नूतनीकरणाचे शुल्क ६०० रुपयांवरून ५,००० रुपये करण्यात आले आणि पर्यावरण कर त्याखेरीज भरावा लागतो.

या साऱ्या चौकशीबरोबर येथील श्रद्धेचा आचारही चालत आला आहे. मोठ्या खरेदीपूर्वी ग्रामदेवतेला कौल लावणे, म्हणजे देवाच्या मूर्तीवर पाकळ्या किंवा तांदूळ लावून त्यांच्या पडण्यावरून होकार-नकार जाणणे, आणि गाडी आल्यावर नारळ ठेवून गाऱ्हाणे घालणे ही प्रथा अनेक गावांत आहे. त्यात एक व्यावहारिक गुणही आहे : कौल मागेपर्यंत सौदा थांबतो, आणि घाईने होणारी चूक टळण्यास अवधी मिळतो. याच्या उलट चतुर्थीपूर्वीचे आठवडे खरेदीस प्रतिकूल असतात, कारण मुंबईहून माणसे येण्याआधी दारात गाडी हवी या ओढीने मागणी वाढते आणि तपासणी आटोपती घेतली जाते. गाडी पाहण्यास पावसाळ्याचा ऐन दिवस उत्तम. छत, दरवाजे, वायपर आणि तळ यांचे खरे रूप तेव्हाच दिसते. इंजिन थंड असताना चालू करून धुराचा रंग पाहावा, निळा धूर म्हणजे ऑइल जळत असल्याची खूण. आणि शक्य असेल तर भरलेली गाडी करूळ, फोंडा किंवा आंबोलीच्या घाटात चढवून उतरवावी, कारण क्लच, ब्रेक आणि इंजिनाचे तापमान यांची एवढी कठोर परीक्षा सपाट रस्त्यावर होत नाही.

मालवण किनाऱ्यावर जुनी मोटार घेऊ इच्छिणाऱ्या कुटुंबाने ओळखीवर जरूर विसंबावे, पण ती गाडीची हकिकत कळण्यापुरती. तळाचा पत्रा स्वतः पाहावा, आणि किमतीचा ठळक हिस्सा नोंदणी प्रमाणपत्र आपल्या नावाचे होऊन हाती येईपर्यंत राखून ठेवावा.